नदीचे मूळ, नावाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. मी मुंबईतल्या वाकोल्यात राहतो. इथला नाला मिठीला मिळतो, आणि मिठीचे मूळ विचारायला कुणाचीच हरकत नाही. विहार तलाव भरून वाहू लागला की ती निघते. राहता राहिले ऋषी. ते वाकोल्यात नाहीत. इथे डिसोझा, परेरा, मिस्किटा, म्हात्रे, शेख, यादव आणि शिंदे राहतात. त्यांचे कूळ विचारण्याची विद्या ती आडनावविद्या. नव्या वाचकाला तिच्या उंबऱ्याच्या आत घेणे एवढेच या प्रस्तावनेचे काम.

या विद्येकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस दोनच प्रश्न घेऊन येतो. माझे आडनाव कुठून आले? आणि ते किती दुर्मीळ आहे? दुसरा प्रश्न विचारताना आवाजात थोडा अभिमान असतो. दोन्ही प्रश्न एका आडवळणाच्या उदाहरणावर घासून पाहू: ग्रीक आडनाव. वाकोल्याच्या पुलाखाली उभे राहून ग्रीक आडनावाची चौकशी करणे म्हणजे मसणात तुळस शोधण्यासारखे वाटेल. पण थोडे थांबा.

आपण ज्यांना प्राचीन ग्रीक म्हणतो, त्यांना आजच्या अर्थाने आडनाव नव्हतेच. पूर्ण नाव सांगायची वेळ आली की अथेन्सचा नागरिक आधी स्वतःचे नाव सांगे, मग बापाचे, मग आपल्या ‘देमोस’चे, म्हणजे ज्या गावी वा वस्तीत त्याची नोंद असे तिचे. सॉक्रेटिस, सोफ्रोनिस्कोसचा मुलगा, अलोपेकेचा. पेरिक्लीस, क्सान्थिप्पोसचा मुलगा, खोलार्गोसचा. मराठी कानाला यात परके काय आहे? सॉक्रेटिस सोफ्रोनिस्कोस अलोपेकेकर. पेरिक्लीस क्सान्थिप्पोस खोलार्गोसकर. आपल्या शाळेच्या दाखल्यावर शोभतील अशी ही नावे. इंग्रजांना हा तीन पदरी गोफ कधीच नीट कळला नाही. त्यांनी मधले नाव म्हणजे आणखी एक पाळण्यातले नाव, अशी समजूत करून घेतली.

साम्य इथेच थांबत नाही. इ. स. पू. 508 च्या सुमारास क्लेइस्थेनीसने अथेन्सची घडी नव्याने बसवली आणि प्रत्येक नागरिकाची एकेका देमोसमध्ये नोंद केली. असे 139 देमोस होते. पुढे मुलगा, नातू, पणतू कुठेही राहायला गेला तरी नोंद मूळ देमोसचीच राहिली. चार पिढ्या दादरला काढलेला पेडणेकर पेडण्याचाच राहतो, तसे. म्हणजे ‘कर’ हा प्रत्यय माणूस आज कुठे राहतो ते सांगत नाही. कुठल्या तरी एका क्षणी कुणी तरी त्याला कुठला म्हणून ओळखले, ते सांगतो. बहुधा हे ओळखणारे दुसऱ्या गावचे असतात. पेडण्यात राहणाऱ्याला पेडणेकर म्हणण्याची गरज कुणाला पडणार? आडनाव गाव सोडल्यावर चिकटते, हा या विद्येतला पहिला धडा मी सॉक्रेटिसाकडून शिकलो असे म्हणायला मला आवडते. खरे तर तो एका देवगडकर शेजाऱ्याकडून शिकलो.

आजची ग्रीक आडनावे बरीच नंतरची, बायझंटाइन आणि तुर्की अमदानीत घडलेली. त्यांची शेपटे पाहिली की मुलूख ओळखता येतो. ‘-ओपुलोस’ म्हणजे अमक्याचा पोर, हे शेपूट पेलोपोनेसचे. ‘-आकिस’ क्रेतेचे, ‘-इदिस’ काळ्या समुद्राकाठच्या पोंतोसचे, ‘-आतोस’ केफालोनिया बेटाचे, आणि ‘-ओग्लू’ तर सरळ तुर्की. पापादोपुलोस, म्हणजे पाद्र्याचा पोर, तिथे आपल्याकडच्या जोशी-कुलकर्ण्यांइतका सर्रास आढळतो. अनाग्नोस्तीस म्हणजे देवळात पोथी वाचणारा. त्याच्या वंशजाचे अनाग्नोस्तोपुलोस झाले. आपण त्याला पाठक म्हणू. हेच लांबलचक आडनाव अमेरिकेत गेल्यावर एका बापाने छाटून ॲग्न्यू केले, आणि त्याचा मुलगा स्पायरो ॲग्न्यू 1969 मध्ये अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. आता ॲग्न्यू या आडनावात ग्रीकपण शोधून दाखवा! ते मूळचे एक निराळेच आडनावही आहे, ब्रिटिश बेटांवरचे. दोन वेगळ्या मुळांची दोन कुळे एकाच शब्दाखाली नांदतात, हे आपल्या पवार-मोऱ्यांना निराळे सांगायला नको.

बायकांच्या आडनावांचे ग्रीक व्याकरण तर आपल्याला लाजवेल. पापादोपुलोसची बायको किंवा मुलगी ‘पापादोपुलू’ होते. हे षष्ठीचे रूप, शब्दशः ‘पापादोपुलोसची’. मराठीतली जोशीण, पाटलीण बोलण्यात राहिली, कागदावर चढली नाही. ग्रीसमध्ये ती कागदावर आहे. मात्र 1983 च्या कायद्याने तिथल्या स्त्रीने लग्नानंतरही माहेरचेच आडनाव कायद्याने लावायचे असे ठरले. षष्ठी कायम राहिली, नवऱ्याची सुटली.

आता आपल्या मुलखात येऊ. महाराष्ट्रात ग्रीक आले होते का? कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट इथले कित्येक ‘यवन’, म्हणजे मूळ अर्थाने ग्रीक, आहेत. एकाचे नाव सिहधय, एकाचे धंम. नाशिकच्या लेण्यात दत्तामित्रीहून आलेला एक योनक, म्हणजे यवनच, आहे: धंमदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. नावे अस्सल देशी, ओळख यवन. हे खरेच ग्रीक वंशाचे की पश्चिमेकडून आलेल्या कुणालाही यवन म्हणत, यावर पंडितांचे वाद आहेत. आपल्या कामाचा मुद्दा असा की ज्याच्या नावावरून तो ग्रीक असल्याचा काडीचाही संशय येणार नाही, तो स्वतःला यवन म्हणवून खांब दान करतो. नाव एक सांगते, माणूस दुसरे.

याच्या नेमके उलट उदाहरण शेतावर सापडते. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर ‘रॅलीज’ हे नाव ज्याने वाचले नाही असा शेतकरी विरळा. जुन्या मुंबईकरांना ‘रॅलीफॅन’ आठवेल, छताला गरगरणारा. हे रॅली म्हणजे एजियन समुद्रातल्या खिऑस बेटावरचे व्यापारी भाऊ. 1851 मध्ये त्यांनी कलकत्त्यात पेढी घातली, पुढे मुंबईत आले, आणि वऱ्हाडातला कापूस बोटींवर चढवू लागले. म्हणजे महाराष्ट्रात घरोघर पोचलेले ग्रीक आडनाव कुठले, तर हे. पण त्याचे मूळ विचारायला जावे तर गंमत. बायझंटाइन दरबारात अकराव्या शतकापासून राऊल नावाचे एक मातब्बर घराणे होते, आणि ते मूळचे नॉर्मन शिपाई. राल्फ, राऊल अशा उत्तरेकडच्या नावाचे ग्रीक तोंडात राल्लिस झाले. तेराव्या शतकात याच घराण्यातली थेओदोरा राउलेना ही मोठी विदुषी होऊन गेली. पोथ्या स्वतः नकलून काढणारी. इकडे नाशिकचा यवन देशी नाव लावतो, तिकडे ग्रीसचा रॅली नॉर्मन.

आता पुन्हा वाकोला. 1534 मध्ये वसई आणि साष्टी, म्हणजे वाकोला ज्यावर आहे ते बेट, पोर्तुगीजांकडे गेली, 1739 पर्यंत चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथले कोळी, कुणबी, भंडारी, आगरी यांतले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. एका दिवशी एका गावचे सगळे डिसोझा. म्हणून या ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन, समाजातल्या डिसोझाचे मूळ पोर्तुगालमधल्या सोझा नदीकाठी शोधणे म्हणजे चावी अंधारात हरवली असता दिव्याखाली शोधणे आहे. शब्द तिकडचा, माणूस इथला. (‘ईस्ट इंडियन’ हे नावही 1887 सालचे, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी समाजाने स्वतःला घेतलेले. आडनाव दुसऱ्याने दिलेले, समाजनाव स्वतः निवडलेले.)

या आडनावांची यादी म्हणजे अर्ध्या जगाचा नकाशा आहे. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस ही व्हिसिगॉथ टोळ्यांची, जर्मानिक. लोपिस लॅटिन, लांडग्यावरून. आल्मेडा अरबी. आणि मिस्किटा? तोही अरबी ‘मस्जिद’चाच पोर्तुगीज अवतार. दर रविवारी मिसा ऐकणाऱ्या घराच्या पाटीवर मशीद विराजमान आहे, आणि कुणाचे काही बिघडलेले नाही.

यात ग्रीक कोणते? पिरिस. पेद्रोचा तो पिरिस, आणि पेद्रो म्हणजे ग्रीक ‘पेत्रोस’, खडक. इथे परेराही हात वर करील, पण त्याला खाली बसवावे लागेल. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, लॅटिन. एस्तेव्हिस हा स्तेफानोसचा, मुकुटाचा. आणि सगळ्यांत उघडा ग्रीक शब्द बाप्टिस्टा. पाण्यात बुडवणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून तो झाला, आणि तेच क्रियापद मराठी ख्रिस्ती भाषेतल्या ‘बाप्तिस्मा’त आहे. अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारात 1579 चे जे पडके चर्च आहे ते याच बुडवणाऱ्या योहानाचे. लोकमान्यांचे सहकारी, होमरूलचे पुढारी आणि 1925 मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ बाप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीत जन्मले. लोक त्यांना काका म्हणत. काका बाप्टिस्टा: एक शब्द घरचा, एक ग्रीसचा, आणि माणूस शंभर टक्के मुंबईचा. शब्द ग्रीकातून लॅटिनमध्ये, तिथून पोर्तुगीजमध्ये आणि मग साष्टीत आला. त्या वाटेवर खिऑसच्या व्यापाऱ्यासारखा एकही ग्रीक माणूस चाललेला नाही.

खोटी ग्रीक वंशावळही वाकोल्यात आहे, आणि तीही ठळक अक्षरांत. आमचे चर्च सेंट अँथनीचे. अँथनी हे मूळ रोमन कुळाचे नाव, अन्तोनिउस. म्हणजे आडनावच म्हणा. त्यात ‘एच’ हे अक्षर नव्हते. पुढे कुणा विद्वानांना वाटले की हा शब्द ग्रीक ‘आन्थोस’, म्हणजे फूल, यापासून आला असावा, आणि त्यांनी ‘एच’ घातला. पोर्तुगीज आंतोनियोत तो अजून नाही. रोमच्या अन्तोनिउसांना तर याहून मोठी हौस होती. ते आपले कूळ थेट हर्क्युलिसच्या मुलाला भिडवत. आपल्याकडे कित्येक आडनावांना एखाद्या लढाईतला प्रसंग चिकटलेला असतो, महाराजांनी खूश होऊन म्हटले वगैरे, त्याच जातीची ही हौस. अशा कथा खोट्या म्हणून टाकून देऊ नका. त्या आडनावाबद्दल काही सांगत नसल्या तरी घराबद्दल पुष्कळ सांगतात.

राहिली दुर्मिळता. फ्रान्सिस गॉल्टनने 1873 मध्ये गणितज्ञांपुढे एक कोडे टाकले: नामांकित घराण्यांची आडनावे का विझतात? हेन्री वॉटसनने उत्तर काढले की सगळीच आडनावे कधी ना कधी विझणार. गणितात चूक होती. दर पुरुषामागे सरासरी एकाहून अधिक मुलगे असतील तर आडनाव टिकण्याची शक्यता उरते. फ्रान्सच्या ब्येनेमेला हे 1845 मध्येच दिसले होते. पण या सगळ्यांच्याच हिशेबात नाव फक्त बापाकडून मुलाकडे जाते. आमच्या साष्टीत ते धर्मपित्याकडून सगळ्या आळीकडे गेले. एका दुपारी एक आडनाव शेकडो घरांत वाढले आणि कुणास ठाऊक किती जुनी नावे त्याच दुपारी बुडाली. गॉल्टनचे सूत्र इथे लावायचे तर त्याला आधी वसईच्या पाद्र्याची भेट घालून द्यावी लागेल.

शिवाय दुर्मीळ कुठे? वाकोल्यात बाप्टिस्टा आढळला तर कुणी वळून पाहणार नाही, सोलापुरात पाहतील. पापादोपुलोस अथेन्सच्या रस्त्यावर डझनाने भेटेल, कलिना मार्केटात भेटला तर सेल्फी काढतील. आणि मतदारयादीतली सर्वांत दुर्मीळ आडनावे पुष्कळदा टंकलेखकाची निर्मिती असतात. एका कचेरीने माझ्याच आडनावाचा असा एक अवतार काढला होता की तो साऱ्या भारतात फक्त माझ्या एकट्याच्या वीजबिलावर आहे. बाप्टिस्टा, बॅप्टिस्टा, बाप्तिस्त, बातिस्त ही चार घराणी समजून मोजायची की एक, हे ठरवल्याशिवाय दुर्मिळतेचा आकडा सांगू नये.

तेव्हा कामाला कुठून लागायचे? बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, शाळेची जनरल रजिस्टरे आहेत, सातबारा आहे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1924 मध्ये छापलेली महिकावतीची बखर आहे, जी साष्टीतली पोर्तुगीजपूर्व घराणी दाखवते. दफनभूमीतल्या फरश्या आहेत. त्या जागेचे पोर्तुगीज नाव सिमितेरियो, आणि त्याचे मूळ ग्रीकात ‘निजण्याची जागा’. पावसाळ्यानंतर जा, शेवाळ खरवडताना अक्षरे जातात, नुसते पाणी मारा आणि तिरप्या उन्हात वाचा.

आणि जिवंत माणसांकडे गेलात तर ‘तुमच्या आडनावाचा अर्थ काय?’ हा प्रश्न सगळ्यांत शेवटी ठेवा. ज्या आळीत वीस घरे डिसोझांची आहेत तिथे डिसोझा म्हणून कुणाला कुणी हाक मारत नाही. प्रत्येक घराला दुसरे एक नाव असते. आजोबांच्या धंद्यावरून, विहिरीवरून, नाहीतर एखाद्या पूर्वजाच्या खोडीवरून पडलेले. ते कागदावर नसते. म्हातारी आधी हसते, सुनेकडे पाहते, ‘ते काय लिहून घेणार?’ म्हणते. चहा येईपर्यंत वही बंद ठेवा.