अभ्रक, अरण्य आणि ढिबरा वेचणारे

झुमरीतलैया हे नाव मराठी माणसाने रेडिओवर ऐकले ते गाण्यांच्या फर्माइशींमुळे. परंतु ज्या रेडिओतून हे नाव ऐकू येत होते, त्याच्या कंडेन्सरमध्ये अभ्रकाचे पापुद्रे असत. आणि जगातले उत्तम अभ्रक ज्या टापूतून जात असे, त्यातलेच हे एक गाव, हे आपल्याला कुणी सांगितले नाही. फर्माइशींची आठवण राहिली; पापुद्रे सोलणाऱ्या हातांचा इतिहास मात्र कुणी लिहिला नाही.

आजच्या झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधील नवादा ह्या जिल्ह्यांतून अभ्रकाचा पट्टा जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे युरोपीय आणि देशी मालकांच्या खाणी वाढल्या. खाणीत उतरणारे भुइया, तुरी ह्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे आणि संथाळादी आदिवासी समाजांचे होते. अभ्रक सोलण्याचे बारीक काम बायकामुले घरोघर बसून करीत. त्याच जंगलात बिरहोरही दोर वळून, कंदमुळे गोळा करून जगत. खाण, जंगल आणि माणूस ह्यांचा संबंध येथे असा जुना आहे.

दुसऱ्या महायुद्धात अभ्रकाला बंदुकीच्या दारूइतके मोल आले. विमानाचे इंजिन, बिनतारी यंत्र, रडार ह्यांपैकी काहीच अभ्रकावाचून चालत नव्हते. भारतातले अभ्रक शत्रूच्या हाती पडू नये आणि दोस्तांना कमी पडू नये म्हणून १९४२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका ह्यांनी खरेदीसाठी संयुक्त मोहीम उघडली. आज ज्याला ‘महत्त्वपूर्ण खनिज’ म्हणतात, ते अभ्रक तेव्हा होते. राष्ट्रांच्या जयपराजयाचा माल ज्यांनी जमिनीतून काढला, त्यांच्या फुप्फुसांत मात्र दगडाची धूळ साठत होती. स्वातंत्र्यानंतर झालेल्या सरकारी पाहणीतही ह्या खाणकामगारांत सिलिकोसिस मोठ्या प्रमाणात आढळला.

ह्याच काळात, १९४२ ते १९४६, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. धनबादच्या कोळसाखाणीत ते स्वतः उतरले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु १९४६ चा अभ्रक खाण कामगार कल्याण निधी कायदा आपल्या अभ्यासवर्गांतून क्वचितच येतो. निर्यात होणाऱ्या अभ्रकावर उपकर बसवावा आणि त्या पैशातून कामगारांना पाणी, औषधोपचार, शिक्षण, घरे मिळावीत, अशी ही योजना होती. तिच्या सल्लागार समितीत मालकांइतकेच प्रतिनिधी कामगारांचे असावेत आणि एक तरी सभासद स्त्री असावी, अशी तरतूद होती. ह्या तरतुदीमागचा विचार सरळ आहे. जो माल देशाला अत्यावश्यक आहे, तो काढणाराही देशाला तितकाच अत्यावश्यक आहे, आणि निर्णय जेथे होतो तेथे तो बसला पाहिजे.

पुढे काळ बदलला. ट्रान्झिस्टर आला, पर्यायी पदार्थ आले, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि मोठे गिऱ्हाईक गेले. त्याआधीच १९८० चा वन संवर्धन कायदा आला होता. केंद्राच्या परवानगीवाचून राखीव जंगलाची जमीन अन्य कामाला देता येणार नाही, असे त्याने ठरवले. जुने पट्टे नव्याने देतानाही ही परवानगी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये गुजरातच्या अंबिका क्वारी प्रकरणात सांगितले. अभ्रकाच्या खाणी बव्हंशी जंगलात होत्या. त्या एकेक करून बंद पडल्या.

हा कायदा वाईट होता, असे मला म्हणायचे नाही. खाणींनी जंगल फाडले होते, नाल्यांत गाळ भरला होता आणि त्याचाही पहिला फटका जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनाच बसत होता. माझा प्रश्न वेगळा आहे. खाणी बंद होताना खाणकामगाराचे काय करायचे, हे कुणी ठरवले? निर्यातीवरच्या उपकरावर उभा असलेला निधी आटला, तेव्हा त्याची जागा कशाने भरली? १९४६ च्या कायद्यात कामगाराला खुर्ची होती. १९८० च्या कायद्यात कामगाराच्या किंवा रहिवाशाच्या प्रतिनिधीची अशी कोणतीही अट नव्हती.

बिहारच्याच अभ्रकखाणीचा एक खटला ह्या संदर्भात मुद्दाम वाचावा. बंशीराम मोदी ह्या पट्टेदाराकडे राखीव जंगलातली ऐंशी एकर जमीन होती. त्यातली पाच एकर खोदलेली होती. तेथे त्याला फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ सापडले. जी जमीन आधीच फोडलेली आहे, तेथून ही खनिजे काढायला केंद्राची नवी परवानगी नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले. फोडलेल्या जमिनीचा हा न्याय पट्टेदाराला मिळाला. आता त्याच जंगलात, तशाच फोडलेल्या जमिनीवर, जुन्या खाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यातून अभ्रकाची भंगार कपची वेचणारी बाई घ्या. ह्या कपचीला तिकडे ‘ढिबरा’ म्हणतात. ती बाई मात्र चोर ठरते.

खाणी बंद झाल्या, मागणी संपली नाही. रंग, वीजउपकरणे, सौंदर्यप्रसाधनांतली चमक ह्यांना अभ्रकाची भुकटी लागतच राहिली. सरकारी दप्तरात उत्पादन थोडे आणि निर्यात कितीतरी अधिक, असे विचित्र चित्र वर्षानुवर्षे दिसले. हे मधले अभ्रक ढिबरा वेचणाऱ्यांचे होते. निर्यातदाराच्या गोदामात पोचताच माल शुद्ध होतो. डोक्यावर टोपली वाहणारी तेवढी बेकायदा राहते. बिळासारख्या खड्ड्यांत माती कोसळून माणसे मरतात, मुले मरतात, आणि गुन्हा अंगावर येईल ह्या भीतीने मृत्यूही लपवले जातात. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या पाहणीत झारखंडच्या अभ्रकपट्ट्यात शाळेबाहेर असलेली ४,५४५ मुले आढळली, ही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली गोष्ट. स्पर्शाने माणूस अपवित्र होतो पण त्याच्या श्रमाचे फळ अपवित्र होत नाही, ही आपल्या ओळखीची जुनी रीत येथे वनकायद्याच्या भाषेत बोलते.

आता चाक पुन्हा फिरले आहे. २०२३ मध्ये केंद्राने तीस महत्त्वपूर्ण खनिजांची यादी केली. ज्या खडकात अभ्रक सापडते, त्यातच लिथियम, निओबियम, टँटलम असू शकतात. म्हणून २०१५ मध्ये गौण ठरवलेले अभ्रक फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा प्रमुख खनिजांत आले. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने महत्त्वपूर्ण खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. म्हणजे जंगल वाचवताना ज्याला विचारले नाही, जंगल उघडतानाही त्याला विचारायचे नाही. २००६ चा वनहक्क कायदा त्याच्या मदतीला यावा, तर आदिवासी नसलेल्या वनवासीयाला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ज्याच्या नावावर कधी कागदच झाला नाही, त्या भुइयाने तो कोठून आणावा?

खाणकाम आणि निसर्गरक्षण ह्यांचा समतोल साधावा, असे सर्वच विद्वान म्हणतात. त्यांच्या तराजूला दोन पारडी आहेत: एकात खनिज, दुसऱ्यात वन. ढिबरा वेचणारी कोणत्याही पारड्यात नाही. ती तराजूच्या खाली उभी आहे. ढिबऱ्याला कायदेशीर रूप देण्याच्या घोषणा झारखंड सरकारने केल्या आहेत. त्या गावोगावच्या मजुरांच्या सहकारी संस्थांच्या हाती खरोखर पडतात की पुन्हा ठेकेदाराच्या, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे. नवे जंगल न फोडता जुन्या ढिगाऱ्यांवरचा पहिला हक्क ते उपसणाऱ्यांचा असावा, नव्या खनिजांवरही कल्याण-उपकर बसावा, आणि खाण उघडण्याच्या वा बंद करण्याच्या प्रत्येक निर्णयात कामगार आणि रहिवासी समान संख्येने बसावेत. ह्यात क्रांतिकारक असे काही नाही. ह्यातला बराचसा भाग १९४६ मध्ये एका मजूरमंत्र्याने कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवलेला आहे. तो आपण वाचला पाहिजे, आणि त्याची वसुली मागितली पाहिजे.