तंजावरचा तह आणि बंद पडलेलं शहर



मागच्या लेखांत तंजावरचं मोठं देऊळ झालं, सरस्वती महाल झाला. या वेळचा विषय वेगळा आहे, ऑनलाइन गुन्हेगारी खेळांचा. माजी सैनिक मंडळींपैकी काही जण म्हणतील, पलटणीतून पेन्शन येऊन डीएससीत गेला आणि हवालदार बिघडला. म्हणा. पण हा विषय मला तंजावरात राहूनच नीट कळला. इथल्या भोसल्यांच्या इतिहासाशी त्याची गाठ कशी पडते ते पुढे येईलच.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पडद्यावर एक अख्खं शहर असतं. रस्ते, सिग्नल, समुद्र, टॅक्सीवाले, सगळं. त्यात तुम्ही टोळीतला माणूस. गाड्या पळवायच्या, दरोडा घालायचा, पोलीस मागे लागले की सुटायचं. ऑनलाइन म्हणजे त्याच शहरात त्याच वेळी दुसरी खरी माणसंही फिरत असतात. कुणी ब्राझीलचा, कुणी कोल्हापूरचा.

या जातीचा सगळ्यात नावाजलेला खेळ ग्रँड थेफ्ट ऑटो, म्हणजेच जीटीए. १९९७ साली स्कॉटलंडमधल्या डंडी गावात डीएमए डिझाइन नावाच्या कंपनीत तो तयार झाला. पाचवा मोठा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला आला आणि दोन आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, त्याचं ऑनलाइन शहर उघडलं. पहिल्या दिवसांत लोकांना आत शिरताच येईना. ज्यांना शिरता आलं त्यांतल्या काहींची कमाई, काहींचं अख्खं पात्रच पुसलं गेलं. कंपनीनं भरपाई म्हणून खेळातलेच पाच लाख डॉलर वाटले. चार मित्रांनी मिळून घालायचा मोठा दरोडा, ज्याची जाहिरात आधीपासून चालली होती, तो मार्च २०१५ मध्ये आला. एकट्यानं खेळायच्या कथेत २०१४ साली मोठी भर घालू, असं कंपनीनं सांगितलं होतं. ती भर आजतागायत आलेली नाही. कारण उघड आहे. कथा माणूस एकदा विकत घेतो. ऑनलाइन शहरात मात्र खेळातले पैसे खऱ्या पैशांनी पुन्हा पुन्हा विकता येतात.

त्याच खेळाचा एक किस्सा फौजी माणसाला चांगला कळेल. शहरात शिरायला पाच-सहा मिनिटं वाट पाहावी लागायची. सात वर्षं लोकांनी शिव्या घातल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोस्ट अशा टोपणनावाच्या एका खेळाडूनं स्वतः खोलवर शिरून कारण शोधलं. आपल्या क्वार्टर मास्टर स्टोअरमध्ये ६३ हजार नगांचं लेजर आहे असं समजा. स्टोअरमन एक नोंद वाचतो, आणि पुढची वाचण्याआधी उरलेलं लेजर शेवटच्या पानापर्यंत किती आहे ते मोजून येतो. मग दुसरी नोंद. पुन्हा मोजणी. वर प्रत्येक नवा नग आधीच्या सगळ्या नगांशी ताडून बघतो, दुबार तर नाही ना. असं ६३ हजार वेळा. टोस्टनं हे दुरुस्त केलं तेव्हा सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. कंपनीनं चूक मान्य करून त्याला दहा हजार डॉलर दिले आणि मार्चमध्ये सगळ्यांसाठी दुरुस्ती सोडली. आता ते लेजर कशाचं होतं? खेळात विकत घ्यायच्या मालाचं. गिऱ्हाईक दारात उभं, आणि दुकानदार आत दरपत्रक घोकतोय!

मी स्वतः यात पडलो ते मुलामुळे. तो गावाकडे, सातारा जिल्ह्यात. मी तंजावरला, हजार किलोमीटरच्या वर लांब, चेन्नईला गाडी बदलून जायचं. फोनवर बोलणं म्हणजे "जेवलास का", "अभ्यास झाला का", "आईला दे". नववी-दहावीतलं पोरगं बापाशी याहून जास्त काय बोलणार? त्यानं मला मोबाइलवरचा असाच एक खेळ लावून दिला. जीटीए नव्हे, त्याच जातीचा दुसरा. नाव लिहीत नाही. सैन्यानं जुलै २०२० मध्ये ८९ ॲप काढायला लावली होती, तेव्हापासून मी फोनमध्ये काही घ्यायच्या आधी दहादा तपासतो. हेही तपासून, विचारून घेतलं.

ड्युटीवर फोन जमा असतो. सुटीच्या संध्याकाळी मात्र आम्ही दोघं त्या शहरात भेटायचो. त्याला गाडी चालवायची हौस आणि मला रस्ते पाठ करायची, नकाशा वाचायची जुनी सवय. दरोडे तीन-चारच घातले असतील. बाकी वेळ समुद्राकाठच्या रस्त्यानं नुसते फिरायचो आणि बोलायचो. शाळेत कुणाशी भांडण झालं, गणिताचे सर कसे, आजीचा गुडघा, सगळं मला त्या खोट्या गाडीत बसून कळलं. त्याची आई म्हणायची, बाप-लेक मिळून दरोडे घालतात आणि घरात दळण कोण आणणार? दोन वर्षांत गॅरेजमध्ये अकरा गाड्या जमल्या. त्यातली निळी जीप ३४९ रुपयांची, त्याच्या वाढदिवसाला मी घेतलेली.

मग एक दिवस खेळ उघडल्यावर पाटी आली की तीस दिवसांनी सेवा बंद. कारण नाही, पैसे परत नाहीत. शेवटच्या रात्री माझी गार्ड होती. तो एकटाच ती जीप घेऊन समुद्राकाठी थांबला आणि बारा वाजता पडदा काळा झाला. सकाळी फोन हातात आल्यावर त्यानं पाठवलेला एक फोटो दिसला. समुद्र, जीप, आणि शेजारची रिकामी सीट. त्याखाली त्यानं एक शब्दही लिहिलेला नव्हता.

असं होणारे आम्ही पहिले नव्हतो. जीटीए पहिल्यांदा बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक डेव्हिड जोन्स यानं पुढे डंडीतच दुसरी कंपनी काढली आणि २०१० च्या जूनअखेर एपीबी नावाचा ऑनलाइन खेळ आणला. सान पारो नावाचं शहर, एका बाजूला गुन्हेगार, दुसऱ्या बाजूला त्यांना पकडणारे. त्यात खेळाडूंना स्वतः बरंच घडवता यायचं. कपड्यांवरची नक्षी, गाडीवरचं चित्र, एवढंच नाही तर शत्रू पडला की त्याला ऐकू जाणारी धूनसुद्धा स्वतः रचायची. लोकांनी त्यात रात्री घातल्या. ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १६ सप्टेंबर २०१० ला शहर बंद झालं. तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. पुढे दुसऱ्या कंपनीनं खेळ विकत घेऊन नव्या नावानं चालवला, ती गोष्ट वेगळी. जीटीएचंही जुन्या प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वरचं ऑनलाइन शहर १६ डिसेंबर २०२१ ला कायमचं बंद झालं.

पोरगं मला विचारत होतं, "पप्पा, पैसे देऊन घेतलेली वस्तू ते कशी काय काढून घेऊ शकतात?" उत्तर त्या लांबलचक करारात आहे, जो न वाचता सगळे "मान्य" दाबतात. या जातीच्या बहुतेक करारांत लिहिलेलं असतं की तुम्ही वस्तू घेतलेली नाही, वापरायची परवानगी घेतलेली आहे, आणि ती आम्ही परत घेऊ शकतो. हे वाचलं आणि मला इथला राजवाडा आठवला.

तंजावरच्या सरफोजी राजांना १७९८ मध्ये गादी मिळाली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या पाठिंब्यानं. २५ ऑक्टोबर १७९९ ला तह झाला. राज्यकारभार कंपनीकडे. राजांना मान, किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. गादी राहिली, पण परवानगीची. सरफोजींनी त्या परवानगीत जेवढं करता येईल तेवढं केलं. ग्रंथ जमवले, छापखाना काढला, आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो शिलालेख मी बोट फिरवत वाचला आहे. काही ओळी लागतात, काही लागत नाहीत.

१८५५ मध्ये त्यांचे चिरंजीव शिवाजी राजे मुलगा नसताना वारले. कंपनीनं गादी संपल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी फौज उभी करून राजवाडा आणि खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राज्य तहाचं होतं असं एक वेळ म्हणा, पण घरची मालमत्ता? थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला. म्हणणं असं की हे सरकारनं सरकार म्हणून केलेलं कृत्य आहे. ते न्याय्य की अन्याय्य हे बघणं कोर्टाच्या अखत्यारीत नाही. १८६२ मध्ये सरकारनं खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली, पण हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून.

मोबाइलमधली जीप आणि भोसल्यांची गादी एका तागडीत तोलायची नाही, एवढी अक्कल मला आहे. एकीकडे ३४९ रुपये आणि दुसरीकडे राज्य. पण कागदाची जात एकच, आणि देणारा दोन्हीकडे कंपनी!

आता थोडी हालचाल सुरू आहे. ३१ मार्च २०२४ ला द क्रू नावाचा गाड्यांचा खेळ असाच बंद पडला, एकट्यानं खेळायचा भागसुद्धा चालेना, तेव्हा लोक चिडले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे. परवानगीच विकत असाल तर "खरेदी करा" असं नुसतं लिहिता येत नाही, ती परवानगी आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. युरोपात खेळ मारू नका अशी मोहीम निघाली. सर्व्हर जन्मभर चालवा असं त्यांचं म्हणणं नाही. बंद करताना खेळ लोकांना चालवता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढीच मागणी. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या सह्या दहा लाखांच्या पुढे गेल्या.

माझ्या मुलानंही सही करायला ते पान उघडलं. पण ती मोहीम युरोपियन युनियनच्या नागरिकांसाठी. देशांच्या यादीत भारत नव्हता. त्यानं दोनदा वर-खाली करून बघितलं आणि मला फोन लावला. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो.