७. ताक कळकले
कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ राहिला की तो हिरवट होतो, जिभेला तुरट लागतो, तेच कळकणे. पितळेतल्या तांब्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात (ऑक्सिडीकरण) आणि ताकात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो (क्षपण). एक देतो तेव्हाच दुसरा घेतो, म्हणून या जोडक्रियेला रेडॉक्स म्हणतात. नुसत्या आंबटपणाने तांबे सहसा विरघळत नाही, हवाही लागते. अशा भांड्यात रात्रभर उघडे राहिलेले ताक बिघडते ते त्यामुळेच. ते पोटात गेले तर उलट्या होऊ शकतात. ते सगळे ओतून दिले तर त्यात उधळेपणा नाही. हे टाळायला भांड्याला पुन्हा कल्हई लागते: कल्हईवाला नवसागराने भांड्यावरचा ऑक्साइड काढतो आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथिल कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतो.