चंडीगडचे सात रस्ते

चंडीगडला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिली अडचण पडते ती पत्ता विचारण्याची. आपल्याकडे पत्ता म्हटला की मारुतीचे देऊळ, पिंपळाचा पार, कोपऱ्यावरचा वाणी अशा खुणा आल्याच. येथे सेक्टरचा आकडा आणि घराचा आकडा एवढे पुरते. प्रारंभी मला या व्यवस्थेचे कौतुक वाटले, काही दिवसांनी कंटाळा आला, आणि पुढे येथील रस्त्यांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की मोटार नावाच्या यंत्राला माणसांच्या वस्तीत कोठवर येऊ द्यावे, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर क्वचितच एखाद्या शहराने कागदावर लिहून ठेवले असेल.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीचा पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोव्हिकी यांनी केला. परंतु १९५० च्या ऑगस्टमध्ये नोव्हिकी विमान अपघातात मरण पावले. तेव्हा प्रशासक पी. एन. थापर व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा युरोपात गेले आणि ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जाँनरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू यांची त्यांनी निवड केली. १९५१ च्या फेब्रुवारीत ही मंडळी येथल्या एका विश्रामगृहात बसली आणि अवघ्या काही दिवसांत मेयरांचे वळणदार रस्ते सरळ करून ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशा चौकटींचे शहर त्यांनी मांडले. दप्तरी दिरंगाईत मुरलेल्या माझ्यासारख्याला या वेगाचा हेवाच वाटतो.

या शहरात रस्त्यांचे सात वर्ग आहेत. फ्रेंच भाषेतील रस्ता या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर घेऊन त्यांना व्ही-१ ते व्ही-७ अशी नावे दिली. व्ही-१ परगावाहून येतो, व्ही-२ शहरातील मोठा राजमार्ग, व्ही-३ सेक्टरांच्या सीमेवरून धावतो. चौथा बाजाराचा, पाचवा सेक्टरमध्ये फिरणारा, सहावा घराच्या दारापर्यंत पोचणारा. आणि सातवा बागांमधून जाणारा, केवळ पायी चालणाऱ्यांचा. यातील मर्माचा नियम तिसऱ्या रस्त्याचा आहे. व्ही-३ वर कोणत्याही घराचे दार उघडत नाही. वेगाने धावणारी मोटार आणि दारातून धावत बाहेर येणारे मूल यांची गाठ पडू नये, एवढा त्याचा अर्थ. ज्या काळी मोटार फार थोड्यांच्या दारी होती, त्या काळी हा विचार झाला. यंत्र येण्यापूर्वीच त्याची मर्यादा आखणारे लोक दूरदर्शी खरेच.

माझे बालपण पुण्यात गेले. ते सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध. वडील सायकलने कचेरीत जात. त्यांनी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली. ती आली त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. अशाच रीतीने घरोघरी सायकल जिन्याखाली गेली आणि शहर पालटले; त्याचा निर्णय कोणी घेतल्याची नोंद कोठल्याही दप्तरात सापडायची नाही. चंडीगडचे तसे नाही. येथे निर्णय लिहिलेला आहे, म्हणून त्याचा जाब विचारता येतो.

तो विचारायचा झाला तर असे दिसते, की मोटारीपासून माणसाचे रक्षण करताना मोटारीच्या वेगालाच शहराचे माप मानले गेले. सायकलींसाठी आठवा वर्ग मागाहून जोडावा लागला, आणि प्रारंभीच्या चंडीगडात बहुसंख्य कारकून व मजूर सायकलवरच होते! रेहडी, म्हणजे हातगाडी, ओढणाऱ्या फेरीवाल्याला तर नकाशात जागाच नव्हती. त्याने ती स्वतः मिळवली. ज्या गावांच्या जमिनीवर शहर उभे राहिले त्यांतील अनेक गावे उठली. बुडैल आणि अटावा यांसारखी काही सेक्टरांच्या पोटात तशीच राहिली. सार्वजनिक बांधकाम खात्यातील नेकचंद या रोड इन्स्पेक्टरने मोडतोडीतून निघालेला माल, फुटक्या बांगड्या, खापऱ्या, वर्षानुवर्षे गुपचूप वेचल्या आणि त्यांतून एक नगरी रचली. हेच १९७६ साली लोकांना खुले झालेले रॉक गार्डन. रस्त्यावर देखरेख करणाऱ्या माणसानेच शहराने टाकून दिलेले सांभाळावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

१९५८ साली सुखना चो या ओढ्याला बांध घालून तलाव झाला. त्या बांधावर मोटारी येऊ नयेत, पाण्यात यांत्रिक नावा चालू नयेत, असा ल कॉर्बुझिए यांचा आग्रह होता. संध्याकाळी तेथे फिरताना निवृत्त न्यायाधीश आणि शाळकरी मुले एकाच चालीने चालताना दिसतात. मात्र तेथे येण्यासाठी बहुतेकांनी मोटार आणलेली असते. आज या शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेली आहे.

आता चौकाचौकांत कॅमेरे आले. २०२२ साली सुरू झालेल्या नियंत्रण केंद्रात वाहनांचे क्रमांक आपोआप वाचले जातात आणि चलान घरपोच येते. मलाही एकदा आले. माझाच दोष होता. तांबडा दिवा लागल्यावर मी पट्टे ओलांडून पुढे थांबलो होतो. सोबतच्या छायाचित्रात माझ्या मोटारीचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता, आणि चौकटीच्या कडेला सायकल हाती धरून खोळंबलेला एक मनुष्य अर्धा कापला गेला होता. दंड मी त्याच दिवशी भरला. परंतु त्या माणसाचा जेवढा वेळ मी अडवला, त्याची नोंद कोणत्या खात्यात जमा झाली असेल, हे कोडे मला सुटले नाही. क्रमांकाची पाटी वाहनाला असते; पायी जाणाऱ्याला नसते, म्हणून यंत्राच्या हिशेबात तो येत नाही.

याचा अर्थ यंत्राला माणूस मोजता येत नाही असा नव्हे. तोच कॅमेरा चौकात किती माणसे, किती वेळ उभी राहतात हेही सांगू शकेल. तसे त्याला कोणी सांगितले पाहिजे. मध्यमार्गासारख्या रुंद रस्त्यापलीकडे पोचायला वृद्धाला किती सेकंद लागतात, हे ठरवण्यासाठी तर कॅमेराही नको. एखाद्या अधिकाऱ्याने घड्याळ घेऊन सकाळी तासभर तेथे उभे राहावे. मी स्वतः दोनदा राहिलो आहे. दोन्ही वेळा दिवा हिरवा झाला तेव्हा काही माणसे रस्त्याच्या मध्येच होती.