धुळाक्षरं, तिकिटं आणि फळ्यावरची नावं

परवा दादा-वहिनी भाचीला घेऊन आले होते. भाची दुसरीत आहे, पुण्यातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत. आल्या आल्या चपलासुद्धा न काढता तिने दप्तरातून एक कार्ड काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. त्यावर आठवड्याचे रकाने होते आणि रकान्यांत सोनेरी चांदण्या. वेळेवर आल्याची एक, डबा संपवल्याची एक, प्रार्थनेत डोळे मिटल्याची एक.

"आणि हा बघ आत्या, हा जादाचा स्टार! बोलणाऱ्या मुलांची नावं मी टीचरना सांगितली म्हणून."

"कोणाकोणाची सांगितलीस?"

तिने तीन-चार नावं घेतली. त्यात तिच्या शेजारी बसणाऱ्या, गेल्या वाढदिवसाला आपल्या सगळ्यांना भेटलेल्या मैत्रिणीचंही नाव होतं. मग तिने सहज विचारलं, "आत्या, तुला किती स्टार मिळायचे गं?"

मी म्हटलं, "चल, आधी हातपाय धू, पोहे गार होतायत." विषय बदलला. का बदलला, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझी प्राथमिक शाळा मिशनची होती. मराठी माध्यमाची, कौलारू, मागे चिंचेचं झाड. वर्गात ख्रिस्ती मुलं होती तशी आमच्यासारखी इतरही होती, आणि सकाळची प्रार्थना सगळे मिळून म्हणायचो. आमच्या वेळी चांदण्या नव्हत्या, 'चित्रं' होती. परदेशातून कोणीतरी वापरलेली ख्रिसमस कार्डं गठ्ठ्याने पाठवायचं. त्यांची मजकुराची बाजू कापून टाकलेली असायची आणि चित्राची बाजू आम्हाला बक्षीस मिळायची. बर्फात बुडालेली घरं, लाल छातीचा चिमुकला पक्षी, मेंढपाळ, तारा. नगरच्या उन्हाळ्यात ते बर्फाचं चित्र हातात धरलं की खरोखर गार वाटायचं! आठवडाभर ज्याचं नाव फळ्यावर लागलं नाही त्याला शनिवारी बाई चित्र देत. आणि फळ्यावर नावं लिहायचं काम मॉनिटरचं. तिसरीत मॉनिटर मी होते.

नोकरीतून मोकळी झाल्यापासून वाचनाचा नाद वाढलाय. त्या नादात या 'चांगल्या वागणुकीच्या बक्षिसां'चं मूळ शोधत गेले. वाटलं होतं शोध इंग्लंडात नाहीतर अमेरिकेत संपेल. पण तो मला घेऊन गेला थेट मद्रासला!

तर झालं असं. ॲण्ड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८७ मध्ये हिंदुस्थानात आला. १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या मुलांसाठी अनाथाश्रम निघाला, त्याचा तो प्रमुख झाला. या कामाचा पगारही त्याने घेतला नाही. मुलं बहुतेक गोऱ्या शिपायांची आणि देशी आयांची. ना धड इकडची, ना तिकडची. शिक्षक कामचुकार. छडी होतीच, पण तिने काही होत नव्हतं.

एके दिवशी घोड्यावरून जाताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुलं जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरं काढत होती. हे वाचताना मी मनाशीच हसले. आपण ज्याला धुळाक्षरं म्हणतो तीच ही! आपल्या पंतोजींच्या शाळेतही धूळपाटीवरच अक्षर गिरवलं जायचं. पाटी नको, शाई नको, चुकलं तर हात फिरवला की झालं.

बेलने परत येऊन शिक्षकांना सांगितलं, असं शिकवा. ते म्हणाले, जमणार नाही. मग त्याने काय करावं? जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला, एका साध्या शिपायाच्या पोराला, मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. आणि जे मोठ्यांना जमणार नव्हतं ते त्या पोराने करून दाखवलं. त्यातून बेलची पद्धत उभी राहिली. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं, प्रत्येकाकडे काहीतरी जबाबदारी द्यायची. १७९६ मध्ये तो परत गेला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याने या प्रयोगावर पुस्तक छापलं. पुढे इंग्लंडमधल्या चर्चच्या शाळांत तिचं नावच पडलं 'मद्रास पद्धत'. वर्गात मॉनिटर नेमण्याची चाल त्याच्याही आधीची आहे, पण सगळी शाळाच मुलांच्या हाती चालते, हे बेलने दाखवलं.

बेलच्या शाळेत आणखी एक गोष्ट होती. काळी वही. कोणी काय आगळीक केली ते त्या वहीत लिहायचं. आठवड्याच्या शेवटी ती सगळ्या शाळेसमोर वाचायची, आणि शिक्षा द्यायची की नाही ते मुलांमधलेच पंच ठरवणार. छडीचा वापर त्यामुळे फार कमी झाला, असं बेलचं म्हणणं. त्या काळाच्या मानाने ही मोठीच सुधारणा. आपल्याकडे तेव्हा अंगठे धरून ओणवं उभं करत होते आणि इंग्लंडात वेताने फोडत होते. पण 'काळी वही' हे शब्द वाचले आणि मला आमचा फळा दिसला. उजव्या कोपऱ्यात आखलेला चौकोन, आणि त्यात माझ्या अक्षरातली नावं.

बेलचा प्रतिस्पर्धी होता जोसेफ लँकेस्टर. लंडनमधला, क्वेकर पंथाचा, वयाने बेलपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. १७९८ मध्ये त्याने गरिबांच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांतच तो एका मोठ्या दालनात, एकटा शिक्षक आणि बाकी सगळे मॉनिटर, अशी शेकडो मुलांची शाळा चालवू लागला. क्वेकर लोक अहिंसावादी. त्यामुळे छडी नाही. त्याऐवजी तिकिटं! चांगलं वागलं, धडा नीट म्हटला की तिकीट. तिकिटं साठली की पतंग, चेंडू, बॅट. फारच गुणी मुलाला छातीवर मिरवायला चांदीचं पदक. माझ्या भाचीचं कार्ड हे या तिकिटांचंच वंशज म्हणायला हरकत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू पहा. ज्याला तिकीट नाही त्याचं काय? लँकेस्टरने १८०३ च्या आपल्या पुस्तकात ते स्वतःच लिहून ठेवलंय. गळ्यात लाकडाचा ओंडका बांधायचा. पायात बेडीसारखं लाकूड अडकवून वर्गात फिरवायचं. टोपलीत बसवून छताला टांगायचं आणि खालून बाकीच्यांनी बघून हसायचं, पिंजऱ्यातला पक्षी म्हणून. तोंड न धुता आलेल्या मुलाचं तोंड सगळ्यांसमोर एका मुलीकडून धुऊन घ्यायचं. अंगाला कोणी बोट लावत नव्हतं, फक्त लाज वाटायला लावत होते. कवी कोलरिजने १८०८ मध्ये लंडनच्या व्याख्यानांत या शिक्षांवर जाहीर टीका केली होती.

पुढे लँकेस्टर कर्जबाजारी झाला, आणि मॉनिटर मुलांना तो खाजगीत मारतो असे आरोप होऊन त्याच्याच संस्थेतून १८१४ च्या सुमारास बाहेर पडला. १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून वारला. वाईट वाटतं. हजारो गरीब मुलांना अक्षर शिकवणारा माणूस, पण मोजमाप आणि बक्षिसं यांच्यापलीकडे मूल कसं असतं ते त्याला उमगलं की नाही कोण जाणे. बेल मात्र श्रीमंत होऊन १८३२ मध्ये गेला, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं आहे.

या दोघांचं भांडण चर्च विरुद्ध इतर पंथ असं पेटलं, १८११ मध्ये चर्चची स्वतंत्र संस्था निघाली, आणि दोघांच्याही पद्धती जगभर गेल्या. मुंबईत १८१५ मध्ये बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तीही बेलच्या पद्धतीची. आता देवळालीला असलेलं बार्न्स स्कूल हे त्याच सोसायटीचं. म्हणजे मद्रासच्या वाळूतून निघालेली गोष्ट लंडनला वळसा घालून मुंबईला आली. तिकिटंही रविवारच्या बायबलशाळांत पसरली. मार्क ट्वेनने १८७६ च्या 'टॉम सॉयर'मध्ये त्यांची काय थट्टा केलीय! बायबलमधली वचनं पाठ करून मिळणारी तिकिटं टॉम इतर मुलांकडून सरळ सौदा करून मिळवतो, आणि एकही वचन धड न येता बक्षिसाचं बायबल घ्यायला पुढे होतो. चांगुलपणाला भाव ठरवला की बाजार भरतोच.

आता थोडं माझ्याबद्दल.

तिसरीत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. नाव लिहीत नाही. घरी परिस्थिती बेताची, सकाळी पाणी भरून यायची म्हणून रोज उशीर. तिचं नाव फळ्यावर ठरलेलंच. वर्षभरात तिला एकही चित्र मिळालेलं नव्हतं. नाताळच्या आधीच्या एका आठवड्यात मात्र ती शुक्रवारपर्यंत फळ्यावर आली नाही. कशी जमवत होती देव जाणे, पण रोज धापा टाकत घंटेच्या आत यायची. त्या वेळी गठ्ठ्यात चित्रं थोडीच उरली होती, आणि त्यातलं एक मला हवं होतं. निळं, चमकी लावलेलं. मी बाकांवरून मोजलं, फळ्यावर नाव नसलेल्या मुली चित्रांपेक्षा एकीने जास्त होत्या. शुक्रवारी दुपारी तिने मला हळूच विचारलं, "उद्या मला मिळंल ना गं?" मी उठले आणि बोलली म्हणून तिचं नाव लिहिलं.

ती काही बोलली नाही. बाईंना सांगितलंही नाही. शनिवारी निळं चित्र मला मिळालं.

बाईंना कुठून कळलं ते मला आजवर माहीत नाही. कदाचित त्या दारातच असतील. त्या मला रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. सोमवारी त्यांनी आम्हाला द्राक्षमळ्याचा दाखला सांगितला. मळ्याचा धनी सकाळी काही मजूर लावतो, दुपारी काही, अगदी दिवस मावळायच्या आधीही काही. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. आम्ही मुलं खवळलो. "हा अन्याय आहे बाई!" सगळ्यात मोठ्याने मी ओरडले. बाई म्हणाल्या, "ज्याला उशिरा काम मिळालं, त्याच्या घरी पोरं कमी भुकेली असतात का?" आणि त्यांनी कपाटातून दुसरा गठ्ठा काढून वर्गातल्या प्रत्येकाला एक चित्र दिलं. फळा त्यांनी स्वतः पुसला.

नाताळाच्या सुट्टीनंतर त्यांनी माझ्या शेजारणीला शाळेची घंटा वाजवायचं काम दिलं. जिला रोज उशीर व्हायचा तिला! मला वाटलं, आता शाळा रोज उशिरा भरणार. पण ती एकही दिवस चुकली नाही. पहाटे उठून पाणी भरायची आणि सगळ्यांच्या आधी येऊन चिंचेखाली दोरी धरून उभी राहायची. आठ वर्षांच्या फ्रिस्किनची गोष्ट वाचली तेव्हा मला तीच आठवली. त्या माणसाचं आडनावही बेल असावं, हा नुसता योगायोग, पण मजा वाटली खरी.

आमच्या बाईंनी बेलचं नाव ऐकलं असेल असं वाटत नाही. पण त्या पद्धतीतलं घ्यायचं काय आणि टाकायचं काय, ते त्यांना बरोबर कळलं होतं. जबाबदारी ठेवली, काळी वही टाकली. बिनमोल क्षमा शिकवणाऱ्या धर्माच्या शाळेत चांगुलपणाचा हिशेब मांडला तर मुलं दाखला विसरतात आणि हिशेब शिकतात, हे मी स्वतःवरून सांगते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारण्यावर बंदी आणली, मानसिक त्रासावरही. छडी निदान दिसते तरी. फळ्यावरच्या नावाचा वळ दिसत नाही. आणि तो लिहिणाऱ्याच्या अंगावरही उमटतो.

ते निळं चित्र अजून माझ्याकडे आहे. चमकी पार गेलीय.

रात्री भाचीला जवळ घेऊन मी तिला हे सगळं सांगितलं. बेल, वाळू, टोपलीतला मुलगा, आणि माझ्या शेजारणीचंही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू तिला सॉरी म्हणालीस?"

नाही म्हणाले. चौथीनंतर ती शाळेतून गेली आणि मग कधी दिसलीच नाही.

सकाळी वहिनी सांगत होती, पोरीने उठल्या उठल्या मैत्रिणीला फोन लावून मागितला. काय बोलल्या ते आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.