‘अ‍ॅव्हरेज’ कोणाचे?

नवी गाडी दारात उभी राहिली, की पेढा हातात घेता घेताच आपण विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ लिटरमागे किती किलोमीटर, या अर्थाने हा शब्द मराठीत इतका रुळला आहे, की त्याचा मूळ अर्थ ‘सरासरी’ आहे हेही आपण विसरतो. वर्गातल्या गुणांची सरासरी सांगितली, तर आपण ती किती मुलांची, कोणत्या परीक्षेची, असे लगेच विचारू. मोटारीच्या बाबतीत मात्र तसे विचारत नाही. म्हणून या आकड्याचा इतिहास पाहायला हवा.

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडत होत्या, त्या काळात खरे अ‍ॅव्हरेज मालकाच्या वहीतच सापडे. टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा टाकी भरायची आणि भागाकार करायचा. प्रयोगशाळेतला आकडा आला तो दुसऱ्याच वाटेने. ती वाट होती हवेच्या प्रदूषणाची.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर मोटारींच्या धुराने काळवंडत होते. तेथील एका नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवून वेगाची सेकंदागणिक नोंद घेण्यात आली आणि तिच्यावरून सुमारे १२ किलोमीटरची एक ठरावीक ‘फेरी’ बेतली गेली. १९७२च्या मॉडेलांपासून मोटार रोलरवर उभी करून ही फेरी तिच्याकडून करून घेत व धूर तपासत. त्या काळचे रोलर जोराचा वेग-बदल सोसू शकत नसत. म्हणून खऱ्या रस्त्यावरील झपाट्याचे वेग-बदल कागदावर सौम्य करण्यात आले. यंत्राची मर्यादा अशी मोजमापात उतरली. १९७३मध्ये तेलसंकट आले, १९७५मध्ये अमेरिकेने इंधनबचतीचा कायदा केला आणि धुरासाठी केलेली चाचणीच पेट्रोल मोजण्यासाठीही वापरली गेली.

धुरावरून पेट्रोल कसे मोजतात? येथे वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम कामी येतो. पेट्रोलमधला कार्बन नाहीसा होत नाही, तो धुरातून बाहेर पडतो. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. धुरातले कार्बनयुक्त वायू मोजले, की जळलेले पेट्रोल कळते.

आपल्याकडे हे काम प्रामुख्याने पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ ही संस्था करते. तिची स्थापना १९६६ची. भारतीय शहरांतली वाहतूक डोळ्यांपुढे ठेवून १०८ सेकंदांची एक भारतीय फेरी ठरवण्यात आली. तिच्यातला सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर होता. २०००च्या सुमारास तिच्या जागी युरोपीय फेरीचे सुधारित रूप आले. युरोपात १२० असलेली वेगाची कमाल मर्यादा आपण ९०वर आणली. या फेरीत शून्यावरून ५० किलोमीटर वेग गाठायला तब्बल २६ सेकंद दिलेले असतात. वातानुकूलन यंत्र बंद असते. चढ नाही, वारा नाही, खड्डेही नाहीत.

आता एक गाडी घेऊ. पुण्याजवळ चाकणला तयार झालेली फोक्सवॅगनची ‘पोलो जीटी टीएसआय’ २०१३मध्ये बाजारात आली. घरच्या चौघांना पुरेल एवढीच, पण अंगात १०५ अश्वशक्ती. शंभरचा वेग दहा सेकंदांच्या आत गाठण्याचा तिचा लौकिक होता. एआरएआयचा तिचा आकडा होता लिटरमागे १७.२ किलोमीटर. हा आकडा खोटा नव्हता. तिचे एंजिन अवघे १.२ लिटरचे होते. हळूहळू वेग घेताना छोट्या एंजिनाला पेट्रोल कमी लागते. पाय जोरात दाबला, की टर्बो जास्त हवा कोंबतो. जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाते, शिवाय फार तापू नये म्हणून कधी कधी गरजेहून जास्त पेट्रोल सोडावे लागते. ज्या गुणासाठी ही गाडी घ्यायची, तो गुण चाचणीत कधी विचारलाच जात नाही. म्हणूनच अशा गाडीत कागद आणि रस्ता यांतले अंतर वाढण्याचा धोका जास्त.

हे अंतर आपल्या रस्त्यावर तपासू. तारापूर औद्योगिक वसाहतीजवळच्या कुंभवलीहून निघून बोईसरमार्गे चिल्हार फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठायचा आहे, असे समजा. माणसासह गाडीचे वजन १२०० किलो धरू. चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांचा अंदाजी हिशोब केला, तर सपाट रस्त्यावर एक किलोमीटरसाठी चाकांना लागणारी ऊर्जा अशी येते: ताशी ६० वेगाला सुमारे २५५ किलोज्यूल, ९०ला सुमारे ४०० आणि १२०ला सुमारे ६००. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हा त्याचा परिणाम.

आता ब्रेक. ८०च्या वेगात असलेल्या याच गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ३०० किलोज्यूल असते. टँकर आडवा आला म्हणून एकदा पूर्ण थांबलो, की ती सारी उष्णता होऊन जाते. ६०च्या वेगाने एक किलोमीटर जाण्याइतकी, किंबहुना थोडी जास्तच, ऊर्जा एका ब्रेकमध्ये गेली. गतिरोधक, नाका आणि फाटा असलेल्या रस्त्यावर वेग घ्यायचा आणि लगेच ब्रेक दाबायचा, या सवयीचा खर्च किती, हे विद्यार्थी स्वतः काढू शकतील.

जगाला हे अंतर टोचू लागले, तसे आकडे दुरुस्त झाले. अमेरिकेने १९८५च्या मॉडेलांपासून शहरातला आकडा दहा आणि महामार्गाचा बावीस टक्क्यांनी उतरवला. २००८च्या मॉडेलांपासून जोरात चालवणे, वातानुकूलन आणि थंडी यांच्या वेगळ्या चाचण्या जोडल्या. युरोपात कागद आणि रस्ता यांतला फरक २००१मध्ये ९ टक्के होता, तो २०१५मध्ये ४२ टक्क्यांवर गेल्याचे ‘आयसीसीटी’ या संस्थेने दाखवले. गाड्या प्रत्यक्षात सुधारल्या त्यापेक्षा चाचणीत जास्त सुधारल्या होत्या. २०१७पासून तेथे नवी, अधिक कडक फेरी आली.

प्रश्न केवळ आपल्या खिशाचा नाही. भारताने २०१७पासून कंपन्यांच्या मोटारींवर सरासरी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घातली. आधी किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आसपास, २०२२पासून ११३च्या आसपास. ही मर्यादा प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर तपासली जाते. ते आकडे रस्त्यापासून दूर गेले, तर कागदावर वाचलेले तेल देशाला प्रत्यक्षात आयात करावेच लागते.

शाळेत करण्यासारखा प्रयोग सोपा आहे. एखाद्या पालकाची मोटार किंवा मोटरसायकल निवडा. टाकी पूर्ण भरा, किमान ३०० किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरा. असे नेहमीच्या चालवण्याने तीनदा आणि संथ चालवण्याने तीनदा करा. सहाही उत्तरे फळ्यावर लिहा. त्यांची सरासरी काढण्याआधी ती एकमेकांपासून किती दूर आहेत, ते मुलांना पाहू द्या.