दुसरी वायर कशासाठी?

आजची गोष्ट आहे सर्व्हरच्या मागे लागणाऱ्या दोन वायरींची.

साल १९९४. अमेरिकेत नासाच्या गॉडार्ड स्पेस फ्लाइट सेंटरमध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ मशीन जोडून एक स्वस्त क्लस्टर उभा केला, बेओवुल्फ. अडचण एकच. प्रोसेसर पळायला तयार, पण इथरनेट फक्त १० मेगाबिटचं! मग प्रत्येक मशीनला दोन वायरी लावून पॅकेट आळीपाळीने सोडली. हेच चॅनल बाँडिंग. लिनक्सचा बाँडिंग ड्रायव्हर बेकरच्याच पॅचमधून आला. म्हणजे सुरुवातीला दुसरी वायर होती वेगासाठी.

आता चला व्हिएन्नाला. तिथे फिलिप राइझनर यांनी डीआरबीडी लिहिलं. एका सर्व्हरच्या डिस्कवर जे लिहाल, ते नेटवर्कवरून दुसऱ्याच्याही डिस्कवर. २०१० मध्ये ते लिनक्स कर्नल २.६.३३ मध्ये आलं. त्याच्या 'प्रोटोकॉल सी'मध्ये दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय 'झालं' असं उत्तरच मिळत नाही.

मग मधली वायर तुटली तर? दोन्ही सर्व्हर जिवंत, पण प्रत्येकाला वाटतं समोरचा गेला. नीट बंदोबस्त नसेल तर दोघेही मालक बनून लिहायला लागतात. याला म्हणतात स्प्लिट ब्रेन. नंतर खरी प्रत कुठली? बहुतेक वेळा एकीकडच्या नोंदींवर पाणी सोडावं लागतं. त्या नोंदी कुणाच्या तरी ऑर्डरी असतात, पैसे असतात.

इथे दुसऱ्या वायरीचं काम बदललं: वेग नंतर, आधी भरवसा. 'ॲक्टिव्ह-बॅकअप' मोडमध्ये एक वायर काम करते, दुसरी राखीव. कर्नल दर १०० मिलिसेकंदांनी लिंक तपासेल असं ठरवता येतं. ८०२.३एडी मोडमध्ये दोन्ही चालतात, पण एक टीसीपी कनेक्शन एकाच वायरीवरून जातं. त्यामुळे दोन वायरी म्हणजे दुप्पट वेग, हा हिशेब रेप्लिकेशनला नेहमी लागू पडत नाही. आणि दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये खोचल्या, तर स्विच गेला की सगळंच गेलं!

शेवटचा मुद्दा रूटचा. पॅकेट कुठून जायचं हे पत्ता ठरवतो. म्हणून रेप्लिकेशनला वेगळा सबनेट द्यायचा आणि डीआरबीडीमध्ये तोच पत्ता लिहायचा. दुसरा सर्व्हर दूरच्या नेटवर्कवर असेल तर त्या सबनेटसाठी स्टॅटिक रूट हवा. नाहीतर डेटा निघतो डिफॉल्ट गेटवेच्या गर्दीतून, आणि तुमचा बाँड बसतो रिकामा.

म्हणून सेटअप झाला की एक वायर स्वतः उपटून बघा. भेटू पुढच्या भागात!